तुळजापूरच्या घाटापासून यादगीरच्या डोंगरापर्यंत: सोलापूरच्या पायाखालचे खडक

सोलापूरच्या खाली काय आहे, हे बोअर मारणाऱ्याला विचारलं तर तो 'वर मुरूम, खाली काळा पाषाण' एवढंच सांगेल. त्याच्या कामापुरतं ते बरोबरही आहे, कारण पाण्यासाठी जेवढं खोल जावं लागतं तेवढ्यात काळा पाषाण संपत नाही. तो कुठे संपतो आणि त्याखाली काय निघतं हे पाहायला मात्र खोदायची गरज नाही. भीमा जिकडे वाहते तिकडे, आग्नेयेला जायचं. काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. तो त्या दिशेला पातळ होत जातो. शहाबादजवळ त्याखालचा चुनखडक उघडा पडतो आणि यादगीरला त्याच्याही खालचा ग्रॅनाइट. सोलापूर–वाडी–रायचूर लोहमार्ग या तिन्ही थरांवरून जातो. द्वीपकल्पाची रचना एवढ्या थोड्या अंतरात दाखवणारा याहून सोयीचा रस्ता महाराष्ट्राच्या या कोपऱ्यातून दुसरा नाही.

तरीही रेल्वेने जाऊ नये. चुनखडक ओळखायला हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं आणि रेल्वेत आम्ल नेता येत नाही. गाडी करावी. आम्ल सौम्य हवं, सुमारे १० टक्क्यांचं. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते साधारण ३० टक्क्यांचं असतं, त्याचा एक भाग दोन भाग पाण्यात घालायचा. पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. थेंबाथेंबाने पडेल अशा प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून ती दुसऱ्या डब्यात उभी ठेवावी. बाकी सामान म्हणजे किलोभर वजनाची भूवैज्ञानिक हातोडी, १० पट भिंग, नती, म्हणजे थराचा उतार, मोजायचा नतिमापक असलेलं होकायंत्र, मार्कर, रद्दी वर्तमानपत्रं आणि डोळ्यांना चष्मा. बेसाल्टची कपची काचेसारखी उडते, म्हणून चष्म्याशिवाय हातोडी उचलू नये. नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' संकेतस्थळावर मिळतात. निघण्याआधी ते फोनमध्ये उतरवून घ्यावेत, खाणींच्या भागात नेटवर्कचा भरवसा नाही.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसात काळी जमीन चाकाला आणि बुटाला धरून बसते, एप्रिल-मेमध्ये दगडाला हात लावता येत नाही. हिवाळ्यात त्रास एकच, उसाच्या ट्रॉल्या. अंधारात मागचा दिवा नसलेली दुहेरी ट्रॉली भेटतेच, म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा. शिदोरी सोलापूरचीच बरी: कडक भाकरी आणि शेंगाचटणी आठवडाभर टिकते, आणि खाणीच्या आसपास जेवायची सोय शोधण्यात वेळ जात नाही.

पहिला दिवस: सोलापूर ते तुळजापूर

सुरुवात भुईकोट किल्ल्याच्या तटापासून करावी. इथे हातोडी चालवायची नाही, किल्ला संरक्षित आहे. नुसतं पाहायचं. तटातले चिरे दोन प्रकारचे दिसतात. काही घट्ट, निळसर काळे, एकही भोक नसलेले. काही करडे-तांबूस, वाटाण्याएवढ्या पोकळ्यांचे, आणि त्यातल्या बऱ्याच पोकळ्या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या. दोन्ही बेसाल्टच, एकाच लाव्हाप्रवाहाचे वेगवेगळे भाग. घट्ट दगड प्रवाहाच्या मधल्या भागातला. तिथे लाव्हा सावकाश थिजला आणि वायू वर निघून गेले. पोकळ्यांचा दगड वरच्या भागातला, जिथे वायूचे बुडबुडे साय धरल्यावर अडकले. पोकळ्यांत नंतर पाणी फिरून झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटी भरली. विहिरी खोदणारे या दगडाला मांजऱ्या म्हणतात. तो लवकर कुजतो, पण पाणी त्यातच मिळतं.

हा फरक डोळ्यांत बसला की मग तुळजापूरच्या रस्त्याला लागायचं, सुमारे ४५ किलोमीटर. बालाघाटाची कड चढताना रस्त्याच्या कापात प्रवाहांची उतरंड दिसते. खालून वर वाचत जायचं: आधी घट्ट खडकाचा उभा कडा, त्यात उभ्या भेगा. वर पोकळ्यांचा कुजट पट्टा, त्याचा उतार सौम्य. त्याच्यावर कुठे कुठे हातभर ते दोन हात जाडीचा विटकरी मातीसारखा थर. हा लाल थर म्हणजे दोन उद्रेकांमधली उसंत. आधीच्या प्रवाहाचा माथा उघडा राहून कुजला किंवा त्यावर राख-माती साचली आणि वरून आलेल्या लाव्ह्याने ती भाजली. लाल थर जाड असला म्हणजे उसंत मोठी असं मात्र धरू नये. पाणी किती होतं, उतार कसा होता, यावरही जाडी ठरते. बालाघाटाचे सपाट माथे आणि पायऱ्या यातूनच आल्या आहेत. घट्ट भाग कडा धरतो, पोकळ भाग झिजून पायरी होतो.

प्रवाह आडवे दिसतात, पण अगदी आडवे नाहीत. या भागात त्यांची नती एका अंशाहूनही कमी आहे, आणि होकायंत्रावरच्या नतिमापकाने एवढी नती मोजायचा प्रयत्न व्यर्थ जातो. खडकाचा पृष्ठभागच दोन-चार अंश वेडावाकडा असतो, म्हणून दर मोजणीला वेगळं उत्तर येतं. त्यापेक्षा एकच लाल थर धरून दोन-तीन किलोमीटर अंतरावरच्या जागी त्याची उंची काढावी. अर्धा अंश नती म्हणजे किलोमीटरला पावणेनऊ मीटर फरक. फोनचा जीपीएस उंचीत सहज दहा मीटर चुकतो, तेव्हा उंची नकाशावरच्या समोच्च रेषांवरून घ्यावी. शिवाय दोन्हीकडचा थर एकच आहे याची खात्री हवी. लाल थर एकाहून जास्त असतात आणि घाटात वळणं घेताना एक सोडून दुसरा धरला जाणं ही इथली सर्रास गफलत. थराच्या वरचा आणि खालचा प्रवाह दोन्ही ठिकाणी जुळतो का, हे पाहिल्याशिवाय आकडा लिहू नये.

आणखी दोन गोष्टी. पोकळ्यांतल्या पांढऱ्या खनिजावर आम्ल टाकलं आणि फसफसलं, तर तो कॅल्साइट. दगड चुनखडक ठरत नाही. जमिनीतल्या चुनखडीच्या खड्यांचंही तसंच. आणि होकायंत्र दगडावर टेकवून दिशा घेऊ नये. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, माथ्यावर वीज पडलेल्या जागी तर सुई भलतीकडेच ओढली जाते. दगडापासून हात-दोन हात वर धरून, दोन ठिकाणांहून वाचन घ्यावं.

नवरात्रात आणि कोजागरीला हा दिवस ठेवू नये. कोजागरीला सोलापूरहून पायी जाणाऱ्यांनी रस्ता भरलेला असतो, कापाजवळ गाडी उभी करायला जागा मिळणार नाही.

दुसरा दिवस: नळदुर्ग आणि किल्लारी

सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने नळदुर्ग पाऊण-एक तासात येतं. बोरी नदीच्या वळणावर बेसाल्टच्या नाकाडावर किल्ला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात नदीवर घातलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल अजून शाबूत आहेत. नदीने कापलेल्या भिंतीत काल घाटात पाहिलेली उतरंड पुन्हा दिसते, त्यामुळे इथे तास-दीड तास पुरे. दिवस किल्लारीसाठी राखायचा आहे.

उमरग्यापर्यंत महामार्ग आणि तिथून औशाकडे जाणारा रस्ता. वाटेत डोळ्यांना काहीच सापडत नाही. सपाट काळी शेतं, तूर, हरभरा, ज्वारी. भूकंपाचा प्रदेश म्हणून मनात जे चित्र असतं त्यातलं इथे काही नाही, आणि किल्लारीचं महत्त्वही त्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, तीन वाजून ५६ मिनिटांनी इथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. तोवर भूकंपप्रवणतेच्या नकाशात हा भाग सगळ्यात खालच्या, पहिल्या विभागात होता. २००२ च्या नकाशात पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा पट्टा तिसऱ्यात गेला.

भूकंप इथेच का, हे समजायला आधी खडकाखालचा खडक पाहावा लागतो. भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. त्यात वरचे ३३८ मीटर बेसाल्ट निघाला, मग जेमतेम आठ मीटर जुना गाळ आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटी पट्टिताश्म (नाइस), म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा जुना खडक. बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पट्टिताश्म अडीचशे कोटींच्या घरातला. मधल्या काळाची जवळजवळ सगळी नोंद इथे आठ मीटरांत संपते. सह्याद्रीत बेसाल्ट याच्या कितीतरी पट जाड आहे, कोयनेजवळच्या छिद्रात तो ९०० मीटरांहून जास्त भरला. दक्षिणेला सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटरवर, शहाबादपाशी, तो शून्यावर येतो. म्हणजे किल्लारीहून शहाबादकडे जाताना थर सरासरी किलोमीटरला तीन मीटर पातळ होतो. सरासरी म्हणायचं कारण, लाव्हा ज्या जमिनीवर पसरला ती सपाट नव्हती आणि वरची बाजूही नंतर झिजली.

बेसाल्टला या भूकंपात फारसा वाटा नाही, तो वरचं पांघरूण. हालचाल झाली ती तळाच्या जुन्या खडकातल्या जुन्या विभंगावर, म्हणजे जिच्यावरून खडक सरकतो अशा भेगेवर. भारतीय भूपट्ट आजही युरेशियाकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर वेगाने सरकतो आहे. पुढे हिमालयाची अडवणूक असल्याने सगळं द्वीपकल्प उत्तर-दक्षिणेच्या आसपास दाबलं जातं. हा दाब सगळीकडे असतो, मोडतं तिथेच जिथे पूर्वीची भेग सोयीच्या दिशेने पडलेली असते. किल्लारीचा विभंग व्युत्क्रम प्रकारचा, म्हणजे दाबाने एक बाजू दुसरीवर चढली. नाभी, म्हणजे भूकंप जिथे सुरू झाला ती जागा, फार उथळ होती, काही किलोमीटरच. त्यामुळे मध्यम तीव्रतेचा धक्का असूनही वरचा हादरा जबर बसला. आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, किल्लारीला धक्क्यांची मालिका झाली होती. अशा मालिका बहुतेक वेळा नुसत्याच विरून जातात, म्हणून त्यावरून पुढचा भूकंप सांगता येत नाही.

भूपृष्ठावर तेव्हा किल्लारीच्या पश्चिमेला तुटक भेग दिसली होती, किलोमीटरभराच्या पट्ट्यात. काही ठिकाणी जमीन अर्धा-पाऊण मीटर उचलली गेली होती. आज ती शोधायला जाऊ नये. एवढ्या वर्षांच्या नांगरटीत तिचं काही राहिलेलं नाही, आणि शेतातल्या बांधाला किंवा पाटाच्या उंचवट्याला 'विभंग' म्हणून फोटो काढले जातात. पाहायचं ते जुन्या गावाचं ठिकाण आणि स्मारक. तिथल्या आणि आसपासच्या जुन्या गावठाणांत राहिलेल्या भिंतींचे अवशेष नीट पाहावेत. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती. बाहेरून एक आणि आतून एक अशा दगडांच्या दोन पाळी, मध्ये कपच्या आणि माती. दोन्ही पाळींना बांधणारा आरपार दगड नाही, कोपऱ्यात सांधणारे लांब चिरे नाहीत. दगडही शेतातले गोल धोंडे, घडवलेले नाहीत. वर धाब्याचं छत, लाकडी पाटावर मातीचे थर, आणि दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती. हादऱ्यात दोन पाळी फाकल्या, बाहेरची बाहेर पडली, आतली आत, आणि वरून टनावारी माती आली. उन्हाळ्यात थंडावा देणारं हे घर भूकंपात मात्र सर्वांत वाईट. लाकडी खांबांवर छत पेलणाऱ्या घरांत भिंती पडूनही काही ठिकाणी छत उभं राहिलं, हा फरक अभियंत्यांनी तेव्हाच टिपला. दगड-मातीत आजही बांधायचं असेल, तर दर दोन फूट उंचीला चार-चार फुटांवर आरपार दगड, जोत्याला, दारा-खिडकीच्या माथ्याला आणि छताच्या पातळीला सलग पट्टा, आणि हलकं छत, एवढं तरी हवंच. नव्या वसाहतींतली घरं याच विचाराने बांधली गेली. पुढे लोकांनी त्यांना जोडलेल्या भिंती पाहिल्या तर जुनी सवय किती चिवट आहे ते कळतं.

सोलापूर जिल्ह्यातलं कुर्डुवाडीही या चर्चेत येतं. गुरुत्वमापनात तिथून वायव्य-आग्नेय दिशेला कमी गुरुत्वाचा पट्टा दिसतो. बेसाल्टखाली गाडलेली खचदरी असा त्याचा अर्थ १९७० च्या दशकात मांडला गेला. पण खचदरी असेल तर तळाशी जाड गाळ हवा, आणि आठ मीटरचा किल्लारीचा गाळ त्या कल्पनेला फार आधार देत नाही. नुसत्या गुरुत्वाच्या आकड्यांवरून तळाचा आकार ठरवला की असं होतं: हलका खडक वर थोडा असला काय किंवा खोलवर जास्त असला काय, वरून आकडा सारखाच दिसू शकतो.

मुक्कामाला उमरगा बरं.

तिसरा दिवस: कलबुर्गी आणि शहाबाद

उमरग्याहून आळंदमार्गे कलबुर्गी. शहर अजून बेसाल्टवरच आहे, बहमनी किल्ल्याचा तट पाहिला की कळतं. पुढे शहाबादच्या रस्त्याला लागल्यावर मात्र डोळे उघडे ठेवावेत. पहिली खूण जमिनीची नाही, कुंपणांची: शेताच्या बांधावर आडवे गोल धोंडे जाऊन उभ्या लाद्या दिसू लागतात. मग घरांच्या भिंती, छपरं, गोठ्याच्या गव्हाणी, सगळं लादीचं. बेसाल्ट संपला. नेमकी सीमा रस्त्यावर बहुधा मातीखाली असते. ती शोधायची तर नाल्यांच्या काठांवर: वर काळपट कुजलेला धोंडेमाळ, खाली पातळ आडवे राखी थर.

शहाबादी फरशी महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. सोलापुरातल्या जुन्या वाड्यांच्या अंगणापासून मोरीपर्यंत तीच. ती या भीमा खोऱ्यातल्या जुन्या समुद्राचा तळ आहे. सुमारे १६० किलोमीटर लांब, ईशान्य-नैऋत्य पसरलेला हा गाळाचा पट्टा बेसाल्टखालून वायव्येला किती शिरतो ते वरून दिसत नाही. थरांची एकूण जाडी जेमतेम तीनशे मीटरांच्या आसपास. तळाशी पिंडाश्म (गोल खड्यांचा खडक), वालुकाश्म आणि शेल (चिखलाचा पापुद्र्यांचा खडक) यांचा रबनपल्ली थर. वर शहाबाद चुनखडक. त्याहून वर पुन्हा शेल, चुनखडक, शेल. वय शंभर कोटी वर्षांच्या आगेमागे धरतात, वाद अजून चालू आहे. शिंपले-शंख यात शोधू नयेत. कवचाचे प्राणी पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीचा हा गाळ.

खाणीत शिरण्याआधी मालकाची किंवा मुकादमाची परवानगी घ्यावी आणि सुरुंग कधी उडवतात ते विचारावं. फरशीच्या खाणीत सुरुंग सहसा लागत नाही, तो शेजारच्या सिमेंटच्या खाणीत. पण आवाज आणि दगड दोन्ही सीमा ओलांडून येतात. सोडलेल्या खाणींच्या काठाशी जाऊ नये. भिंत उभी, वरचा थर सुटा आणि खाली पाणी किती खोल ते कळत नाही.

फरशी निघते ती थरांच्या पातळीवर. चुनखडकाच्या दोन पाळ्यांमध्ये चिकणमातीचा कागदाएवढा पापुद्रा असतो. छिन्नी त्याच्यावर ठेवून रांगेने हलके ठोके देत गेलं की पाळी सुटते, मग पहारीने उचलायची. एकाच जागी जोर केला तर लादी आडवी फुटते. पापुद्रे दोन-चार सेंटिमीटरवर असले तर घराची फरशी, दहा-पंधरावर असले तर पायऱ्या आणि छपराच्या लाद्या. पापुद्रेच नाहीत, दगड सलग गठ्ठ्यात आहे, तर तो फरशीला निकामी आणि सिमेंटला उत्तम. वाडी, सेडम, मळखेड इथले सिमेंट कारखाने त्याच्यावर उभे आहेत. पापुद्र्यांची माती सिमेंटवाल्याला नको असते, कारण तिच्याबरोबर सिलिका वाढते. एकाच उभ्या भिंतीत दोन-चार मीटरच्या फरकाने दोन धंदे बदलतात, ते पाहण्यासारखं आहे.

रंग राखी, निळसर, पिवळट, गुलाबी आणि जांभळा. हे वेगळे दगड नाहीत. लोखंडाची अवस्था बदलली की रंग बदलतो: ऑक्सिजन भरपूर तिथे तांबडा-जांभळा, नसला तर निळसर-राखी. फरशीत काळ्या दातेरी रेषा दिसतात त्यांना कोणी तडा समजतं, कोणी जीवाश्म. दोन्ही नाही. वरच्या भाराने चुनखडक त्या रेषेवर विरघळला आणि न विरघळणारी माती तिथे साचून राहिली. रेषेचे दाते जेवढे उंच, निदान तेवढा दगड तिथून नाहीसा झाला. फरशी निवडताना अशी रेषा आरपार गेलेली लादी बाजूला ठेवावी, ती पुढे तिथेच सुटते.

आम्लाचा थेंब टाकला की हा दगड जोरात फसफसतो. न फसफसता चूर्ण केल्यावर हळूहळू बुडबुडे आले तर डोलोमाइट. धुळीने भरलेल्या लादीवर सगळंच फसफसतं, म्हणून ताजा तुकडा काढूनच थेंब टाकायचा. घरातली शहाबादी चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्याने पांढुरकी का पडते, त्याचंही उत्तर याच थेंबात आहे.

इथली नती मोजायला घेतली तर एक-दोन अंश, कुठे शून्य. शंभर कोटी वर्षांत हा गाळ जवळजवळ हललेला नाही. ज्याला भूखंडाचा स्थिर गाभा म्हणतात तो असा दिसतो. याच्याच नैऋत्येला बागलकोटचे कलादगी थर घड्या पडून उभे झाले आहेत आणि त्यांच्यावर बदामीचा वालुकाश्म पुन्हा आडवा बसला आहे. विजापूर–अलमट्टी–बदामी हा त्याचा रस्ता, तो या सहलीत कोंबू नये.

चौथा दिवस: सन्नती, गोगी, शहापूर

काल जे थर हलले नाहीत म्हटलं, त्याचा अपवाद आज. सन्नतीला चंद्रलांबेच्या दर्शनाला सोलापूर-लातूरकडची अनेक घराणी येतात. शेजारच्या कनगनहळ्ळीचा बौद्ध स्तूप याच चुनखडकाच्या लाद्यांनी मढवलेला होता, आणि त्यातल्या एकीवर 'रायो असोको' या ब्राह्मी अक्षरांसह सम्राट अशोकाची प्रतिमा आहे. बारीक कणांचा, एकजीव, छिन्नीला मऊ दगड असल्याशिवाय असं कोरीव काम निघत नाही. बेसाल्टमध्ये एवढ्या पातळ लादीवर ते करणं अवघड. पाणी उतरलं असेल तर भीमेच्या पात्रात तेच थर पायऱ्यांसारखे उघडे दिसतात, त्यांवर दोन दिशांच्या उभ्या भेगा आहेत. त्यांच्या दिशा मोजून ठेवाव्यात. वीस-पंचवीस वाचनांशिवाय भेगांची मुख्य दिशा सांगू नये.

नदी ओलांडून शहापूरकडे. खोऱ्याची दक्षिण कड इथे येते. कुठे चुनखडक-शेल जुन्या ग्रॅनाइटवर शांतपणे बसले आहेत, तर कुठे विभंगाने त्याच्यासमोर आणून ठेवले आहेत. दोन्ही ठिकाणी नकाशावर एकच रेषा दिसते, म्हणून जमिनीवर तपासावं लागतं. सगळ्यात खालच्या थरात ग्रॅनाइटचे, गारगोटीचे गोल खडे असतील, त्याखालचा ग्रॅनाइट कुजट असेल आणि वरचे थर आडवे असतील, तर ती विसंगती: ग्रॅनाइट उघडा होता, झिजला, मग समुद्र आला. खडे गोल नसून कोनेदार असतील, ते चुनखडकाचेही असतील, मध्ये कॅल्साइटच्या शिरा असतील, थर उभे झाले असतील आणि पृष्ठांवर घासल्याचे चकचकीत ओरखडे असतील, तर तो विभंग. एकाच खुणेवर निकाल देऊ नये. कॅल्साइटच्या शिरा साध्या भेगांतही असतात.

गोगीजवळचा पूर्व-पश्चिम विभंग या भागात सर्वांत चर्चेतला, कारण त्याच्या चुरडलेल्या पट्ट्यात, चुनखडक आणि तळचा ग्रॅनाइट दोन्हींत, अणुखनिज संचालनालयाला युरेनियम सापडलं. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम मुळातच थोडं असतं. ऑक्सिजनयुक्त पाण्यात ते विरघळून भेगांतून फिरतं. जिथे सेंद्रिय द्रव्य किंवा पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) भेटतं तिथे ते पुन्हा साचतं. विभंग म्हणजे पाण्याची वाट, हे इथे अगदी शब्दशः खरं आहे. शोधकामाच्या आवाराजवळ फोटो काढू नयेत, नमुनेही उचलू नयेत. गोगी गावात सुरुवातीच्या आदिलशहांच्या कबरी आहेत. विजापूरच्या सत्तेचा संस्थापक यूसुफ इथे पुरलेला आहे, तिथे अर्धा तास द्यायला हरकत नाही.

शहापूरला पोचताना क्षितिज बदलतं. आतापर्यंत सपाट माथे होते, आता गोल पाठीचे डोंगर. त्यातल्याच एका रांगेला निजलेला बुद्ध म्हणतात.

पाचवा दिवस: यादगीर

शहापूरहून यादगीरला जाताना माती तांबूस आणि रेताड होत जाते, शेतांत धोंड्यांचे ढीग दिसतात. किल्ल्याचा डोंगर सकाळीच चढावा, नऊनंतर दगड तापतो. हा पूर्व धारवाड गाभ्याचा खडक, अडीचशे ते पावणेतीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. भिंगातून गुलाबी फेल्स्पार, काचेसारखी गारगोटी आणि काळं अभ्रक वेगवेगळं ओळखू येतं. बेसाल्टमध्ये कण बहुधा एवढे मोठे होत नाहीत, कारण तो वर येऊन पटकन थिजला. हा कित्येक किलोमीटर खोल सावकाश थंड झाला, आणि डोक्यावरचे ते किलोमीटर झिजून गेल्यावर वर आला. भार हलका झाल्याने त्याला पृष्ठभागाशी समांतर भेगा पडल्या आणि वरचे पदर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटत गेले. डोंगर गोल आहेत ते यामुळे.

सगळा ग्रॅनाइट एकसारखा नाही. काही ठिकाणी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पट्टिताश्म आणि त्यात घुसलेल्या गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा. कोण जुनं ते छेदावरून ठरवायचं, जो कापतो तो नंतरचा. पट्ट्यांची दिशा मोजायला इथे होकायंत्र भरवशाचं आहे. कृष्णेपलीकडे लिंगसुगूर तालुक्यातलं हट्टी, जिथे आजही सोनं निघतं, ते याच गाभ्यात अडकलेल्या जुन्या लाव्हा-गाळाच्या चिंचोळ्या पट्ट्यावर आहे. पण खाण पाहायला आधीपासून लेखी परवानगी लागते.

ग्रॅनाइटच्या माळावर काळ्या धोंड्यांच्या सरळ ओळी दिसल्या तर तो दख्खनचा बेसाल्ट समजू नये. त्या भित्ती आहेत, भेगांत उभा शिरून थिजलेला डोलेराइट. बारकाईने पाहिलं तर कण बेसाल्टपेक्षा मोठे, पोकळ्या नाहीत, आणि दोन्ही कडांना, थंड ग्रॅनाइटला टेकला तिथे, कण एकदम बारीक. यातल्या बहुतेक भित्ती दख्खनच्या उद्रेकाच्या शंभर कोटींहून जास्त वर्षं आधीच्या. ओळीची दिशा, रुंदी आणि किती अंतर सलग दिसते हे लिहून, कडेचा आणि मधला असे दोन नमुने घ्यावेत. नमुना मुठीएवढा, ताज्या पृष्ठाचा. त्यावर मार्करने क्रमांक, वहीत तोच क्रमांक आणि जागा, मग वर्तमानपत्रात गुंडाळून. नुसती चिठ्ठी आत टाकली तर धुळीने ती वाचता येत नाही. दुपारी निघालं की वाडी, कलबुर्गी, अक्कलकोट करत रात्रीच्या जेवणाला सोलापूर.